सोनकुसरे काकांनी रद्द केलेला कागद

सोनकुसरे काका वजनाच्या खोलीत असले की शिंकायचं नाही, हा आमच्या कार्यालयातला न लिहिलेला नियम होता. शिंक आलीच तर बाहेर पळायचं. मी एकदा पळाले नाही. अधिकारी म्हणून रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि अधिकाऱ्यानं शिंकेसाठी पळायचं म्हणजे काय, असा माझा तोरा होता. शिंकले. काकांनी चिमट्यात धरलेला पांढरा कागद, माझ्याकडे पाहत पाहत, कचऱ्याच्या डब्यात सोडला.

"चोवीस तास सुकवला होता म्याडम," ते म्हणाले. "जाऊ द्या. सर्दी झाली काय तुमाले? घरी जाऊन वाफ घ्या."

मला इतका राग आला! हा सहायक पदावरचा माणूस, मी त्याची साहेब, आणि हा मला वाफ घ्यायला घरी पाठवतो. मी तणतणत माझ्या टेबलाशी जाऊन बसले. दुपारी रुमालानं नाक पुसत परत त्याच दाराशी उभी राहिले तेव्हा काकांनी आतूनच विचारलं, "शिंकून आल्या ना?" मी हो म्हटलं. मग आत घेतलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. एक कागद असतो, जाडसर, पांढरा. तो आधी तोलायचा. मग एका यंत्रात बसवून ते यंत्र एखाद्या गच्चीवर ठेवायचं. यंत्र दिवसभर हवा ओढत राहतं, हवेतली धूळ कागदावर बसते. चोवीस तासांनी कागद काढायचा, पुन्हा तोलायचा. जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ तुमच्या-आमच्या छातीत चालली आहे असं समजायचं. किती धूळ चालेल ते दिल्लीत ठरतं. ती मर्यादा कोण पाळतो, कोण नाही, आणि जो पाळत नाही त्याचा कान कोणी धरायचा, हे काम दिल्लीनं राज्यांवर सोपवलं आहे. राज्यानं ते आमच्या मंडळावर सोपवलं, मंडळानं नागपूरच्या कार्यालयावर, आणि तिथून खाली उतरत उतरत ते सगळं येऊन थांबायचं सोनकुसरे काकांच्या चिमट्यावर.

अंगानं किडकिडीत, उंची बेताची. अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट. अंगाला पावडर कधी नाही, कारण पावडर उडते. नागपूरच्या उन्हाळ्यात ज्या माणसानं पावडर सोडली त्याच्या निग्रहाबद्दल मी वेगळं काय सांगू? वजन करताना पंखा बंद, कारण वाऱ्यानं काटा हलतो. मे महिन्यात त्या खोलीत काकांच्या कपाळावरून घामाचे ओघळ चाललेले असायचे, पण एक थेंब कधी कागदावर पडला नाही. गळ्यात गमछा असायचा, दर दोन मिनिटांनी कपाळ टिपायचं आणि पुन्हा काट्याकडे बघायचं. मी शेजारी उभी राहून वैतागले की म्हणायचे, "श्वास हळू घ्या म्याडम. काटा घाबरते."

मूळ घर उमरेडचं, विणकराचं. वडील हातमागावर लुगडी विणायचे. सूत व्यापाऱ्याकडून यायचं, लुगडं व्यापाऱ्याकडे जायचं, मधे फक्त यांचे हात. काकांनी माग सोडला, सायन्सला गेले, नोकरी धरली, सक्करदऱ्यात दोन खोल्यांचं घर बांधलं. पण बोटं विणकराचीच राहिली. कागदाचा कोपरा जरा उसवला असेल तर तो मला भिंगातून दिसायचा नाही आणि काकांना नुसत्या चिमट्याला कळायचा.

"आमच्या बाबाले व्यापारी सूत देऊन जाये," एकदा डबा खाताना ते सांगत होते. "पाहाले कोणी बसत नसे. अर्धा शेर सूत इकडचं तिकडं केलं असतं तर कोणाच्या बापाले समजलं नसतं. पण आमचा बाबा तुटलेला धागाबी गुंडाळून परत दे. मी विचारलं, काहून गा बाबा? तर म्हणे, घरी ठेवून गेला ना तो माणूस."

मी म्हटलं, काका, हे फार गोष्टीतल्यासारखं वाटतं. तर हसले. "बाबा दारूबी पेत होता म्याडम. तेबी सांगू काय?"

दिल्लीहून कधीमधी पथक यायचं. आम्ही नीट मोजतो की नाही ते तपासायला. एका वर्षी एक तरुण साहेब आले, गोरेपान, गॉगल लावलेले. गच्चीवर यंत्र उघडलं, आणि बोलता बोलता त्यांनी कागद सरळ बोटांनी उचलला. आमचे मोठे साहेब पाहत होते, मी पाहत होते, कोणी काही बोलेना. दिल्लीच्या माणसाला काय बोलणार? काकांनी चिमटा पुढं केला.

"साहब, ये तो गया."

"क्या गया?"

"कागज गया. आपके हाथ का पसीना लग गया. अब ये आपका वजन बताएगा, नागपूर का नहीं."

मोठ्या साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. दिल्लीचे साहेब आधी चमकले, मग मोठ्यानं हसले, आणि अहवालात त्यांनी आमच्याबद्दल चांगलं लिहिलं. पुढं कित्येक दिवस मोठे साहेब त्या अहवालाची फोटोकॉपी खिशात घेऊन फिरायचे. काकांना कोणी शाबासकी दिली नाही, आणि काकांनी वाटही पाहिली नाही. त्यांना चोवीस तास पुन्हा मोजायला लागले याचंच दुःख होतं.

आता मिरचीचं सांगते. सांगायला बसले ते त्यासाठीच.

भिवापूरच्या वाटेवर एक गाव आहे. नाव सांगत नाही. गावाच्या पश्चिमेला लोखंडाचा कारखाना, कोळशावर चालणारा. गावातली पोरं खोकायची, अंगणातली तुळस काळी पडायची, आणि हिवाळ्यात वाळत घातलेल्या लालभडक मिरचीवर काजळी बसली की व्यापारी ती बाजूला सारायचा. गावानं अर्ज केले. अर्ज दिल्लीला गेले, दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून आमच्याकडे. मोठे साहेब म्हणाले, मोजा. मर्यादेच्या वर निघालं की नोटीस काढतो.

यंत्र ठेवायला काकांनी वनिताबाईंचा स्लॅब निवडला. कारखान्याच्या वाऱ्याच्या अगदी रेषेत. वनिताबाई पस्तिशीच्या, तोंडानं फटकळ, नवरा आणि त्या मिळून चार एकरांत मिरची करायचे. मुलगी प्राची, पाचवीत. तिला दमा. त्या घरात गेलं की पहिल्यांदा तिचा श्वासच ऐकू यायचा, शिट्टी वाजल्यासारखा. काकांनी तो ऐकला आणि शिडी चढताना मला म्हणाले, "याच स्लॅबवर ठेवू."

यंत्र सुरू झालं. काका रात्रभर तिथंच राहिले. सकाळी मी जीपनं पोचले तेव्हा चोवीस तास भरत आले होते. कागद निघाला, काळपट. वजन झालं. मर्यादेच्या वर! फार नाही, थोडंसंच, पण वर म्हणजे वर. गावात फोन गेला, लोकांनी फटाके वाजवले. मोठे साहेब खूश. नोटिशीचा मसुदा मी त्याच दुपारी टाइप करायला घेतला. मी आनंदात होते, खोटं कशाला बोलू? वर्षानुवर्षं कागद हलवल्यावर एक तरी दार उघडत होतं.

संध्याकाळी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात तोच कागद, पारदर्शक पाकिटात.

"म्याडम, याले भिंगातून पाहा."

पाहिलं. काळ्या धुळीत लाल कण होते. बारीक, पण होते.

"मिरची हाय," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सकाळी वनिताबाई चहा घेऊन वर आल्या होत्या. आदल्या रात्रीही त्यांनीच जेवू घातलं होतं, भाकर, वांग्याची भाजी. स्लॅबच्या कडेला वाळलेल्या मिरचीचा ढीग होता. गाडी येणार होती, पोत्यात भरायची होती. त्यांनी विचारलं, "भाऊ, मिरच्या भरून घेऊ काय? तुमच्या मशीनले काही होत नाई ना?" आणि काका म्हणाले, भरा. पोतं भरताना पायानं दाबावं लागतं. ठसका उडाला. दोघंही शिंकले.

"मले माहीत होतं," काका म्हणाले. "तोंडातून 'नाही' निघालं नाही. तिच्या घरची भाकर खाल्ली होती म्याडम. तिच्याच स्लॅबवर उभं राहून तिले कसं म्हणू, तुझी मिरची उचल म्हणून?"

शिंकेसाठी मला बाहेर काढणारा माणूस! मी कपाळावर हात मारला.

"काका, थोडीशी मिरची. ती काढली तरी आकडा वरच राहील."

"राहीन. नाई बी राहीन. कोणाले माहीत?"

मी त्यांना मोठ्या साहेबांकडे नेलं, ते समजावतील म्हणून. साहेबांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. "सोनकुसरे, कारखाना काळा धूर सोडतो हे आंधळ्यालाही दिसतं. गाव मरतंय. तुम्ही दोन लाल ठिपके घेऊन बसलात. कोण बघणार आहे तो कागद?"

"कोणी नाई पाहणार साहेब," काका म्हणाले. "म्हणून तं सांगून राहिलो. दिल्लीवाले तिकडं बसले, त्यायनं माप ठरवलं न् आपल्यावर सोडून देलं. ते काही आपल्या मांगं उभे नाईत. आपणच असं केलं तं उद्या कारखानेवाल्याच्या बाजूनंबी कोणी असंच करन. मंग?"

काकांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला: माझ्या चुकीमुळे नमुना दूषित झाला, तो रद्द समजावा. खाली सही. सेवापुस्तकात शेरा आला. तीस-पस्तीस वर्षांत पहिला, आणि निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलेलं.

गावात सांगायला कोणी जाईना, तेव्हा तेच गेले. मी सोबत गेले, पण खरं सांगते, जीपमधून उतरले नाही. आतून सगळं ऐकू येत होतं.

"रद्द म्हणजे?" वनिताबाई विचारत होत्या.

"म्हणजे पुन्हा मोजावं लागन."

"काहून? तुमीच तं भरा म्हटलं होतं मिरच्या! मी विचारलं नव्हतं काय तुमाले?"

"विचारलं होतं. चूक माही हाय, तुमची नाई."

"किती देलं कारखान्यानं?" मागून कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, आपल्या भाकरी खाऊन आपल्यालेच विकलं. वनिताबाईंनी त्यांना गप्प केलं नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "माही पोरगी रात्री बसून झोपते भाऊ. तुमचा कागद लय पवित्र राहिला असन, पण ते बसून झोपते."

काका हात जोडून उभे होते. परत येताना उमरेडपर्यंत ते जीपच्या खिडकीतून बाहेर बघत होते. मला त्यांचा रागच आला होता. मनात म्हणत होते, एवढं कशाला? दोन लाल कण!

पंधरवड्यानं पुन्हा मोजलं. व्हायचं तेच झालं, फटाक्यांनी कारखाना सावध झाला होता. आमची पांढरी जीप फाट्यावर वळली की कारखान्याच्या चौकीदाराचा फोन आत जायचा, एरवी बंद असलेली धूळ पकडणारी यंत्रणा सुरू व्हायची आणि धुराडं एकदम सभ्य व्हायचं. आकडा मर्यादेच्या आत. उन्हाळाभर हेच, मग पावसाळा आला, पावसात मोजण्यात अर्थ नाही. गावानं आमचं नाव टाकलं.

पुढच्या हिवाळ्यात काकांची निवृत्ती तोंडावर आली. एक दिवस ते म्हणाले, "म्याडम, जीप नको. मशीन छोट्या हत्ती टेम्पोत टाकू. मिरची न्यायला रिकामी गाडी जातेच तिकडं." मी परवानगीच्या कागदावर सही केली. मग म्हणाले, "पण आधी बाईले विचारा लागन. स्लॅब तिचा हाय."

या वेळी मी जीपमध्ये बसून राहिले नाही, कारण जीपच नव्हती. एस.टी.नं गेलो. वनिताबाई अंगणात मिरची खुडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, पाणी दिलं नाही. काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं.

"एक दिवस स्लॅब पाहिजे बाई. आणि एक दिवस त्यावर मिरची नको."

"आज 'नाई' म्हणता येते तुमाले," त्या म्हणाल्या. "मागच्या साली जीभ कुठं गेली होती?"

प्राची दारात येऊन उभी होती. आणखी बारीक झाली होती. वनिताबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग सुपातली मिरची ढिगावर उलटी केली.

"माह्या एकटीच्या स्लॅबवर नसून काय होते?" त्या म्हणाल्या. "बाजूच्याची उडन ना. तिकडून सोयामच्या घरची उडन. मंग तुमी पुन्हा भिंग घेऊन बसान."

तिसऱ्या दिवशी आम्ही यंत्र घेऊन गेलो. छोट्या हत्तीच्या मागं, पोत्यांच्या गठ्ठ्यात. गल्लीत शिरलो आणि काका उतरून नुसते उभे राहिले. मिरचीचा ऐन हंगाम, गाडी दुसऱ्या दिवशी येणार, आणि अख्ख्या गल्लीतल्या एकाही स्लॅबवर एक मिरची नव्हती. स्लॅब झाडलेले, वरून पाणी शिंपडलेलं. ज्या गल्लीनं गेल्या वर्षी काकांना विकला गेलेला म्हटलं होतं, तिथल्या बायकांनी वाळत आलेला माल उचलून घरात, पलंगाखाली, देवघरात कोंबला होता. बंद घरात त्यांना रात्रभर ठसका लागला म्हणे. काकांनी शिडी चढायच्या आधी चपला काढल्या.

आकडा मर्यादेच्या कितीतरी वर आला. कागद काळाकुट्ट, भिंगाखालीही काळाच. नोटीस निघाली. महिन्याच्या शेवटी काका निवृत्त झाले, नारळ-शाल झाली, त्यांनी भाषण केलं नाही.

सुनावणी उन्हाळ्यात झाली, रामदासपेठेत, मोठ्या साहेबांच्याही वरिष्ठांच्या दालनात. काकांना साक्षीला बोलावलं होतं. गावाकडून वनिताबाई आल्या होत्या. कारखान्याचे वकील तयारीनं आले होते. म्हणाले, याच कर्मचाऱ्याचा याच गच्चीवरचा नमुना आधी मिरचीनं बिघडला होता, हे तुमच्याच दप्तरात आहे. मग आताच्या कागदावर विश्वास का ठेवायचा?

वरिष्ठांनी दप्तर मागवलं. काकांचा तो हातानं लिहिलेला अर्ज वाचला. दोनदा वाचला.

"हे तुम्हाला कोणी लिहायला लावलं?"

"कोणी नाई साहेब."

"न लिहिता तर?"

"तं मागच्याच साली बंद झाला असता कारखाना," काका म्हणाले. "कोणाले समजलं नसतं."

वरिष्ठांनी अर्ज मिटला. वकिलांकडे पाहून म्हणाले, "विश्वास यासाठीच ठेवायचा." धूळ पकडणारी यंत्रणा चोवीस तास चालल्याचा पुरावा मिळेपर्यंत भट्टी बंद, असा आदेश झाला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दालनात कोण वाजवतं? पण माझे डोळे भरून आले होते, आणि गेल्या वर्षभर या माणसाचा मनातल्या मनात केलेला राग आठवून मला माझीच लाज वाटली.

बाहेर व्हरांड्यात आलो. मी काकांना म्हटलं, काका, जिंकलात. ते वनिताबाईंकडे पाहत होते. त्या पदरानं तोंड पुसत उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या काकांचे आभार मानतील. मी तर एक पाऊल मागंही सरकले.

"बरं झालं भाऊ," वनिताबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, आवाज न चढवता म्हणाल्या, "पण माह्या पोरीचं एक साल गेलं ना."

काकांना सांगता आलं असतं. तो कागद रद्द केला म्हणूनच आज आदेश टिकला, असं वकिलासमोर सिद्ध झालं होतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. काकांनी हातानंच मला थांबवलं.

"हो वं बाई," ते म्हणाले. "गेलं. माह्यापायी गेलं."

वनिताबाईंनी मान हलवली आणि त्या जिना उतरू लागल्या. काका त्यांच्या मागं निघाले. मी वरून पाहत राहिले. मे महिन्याचं ऊन, रस्ता रिकामा. वनिताबाई पुढं चालत होत्या, काका चार पावलं मागं, डोक्यावर गमछा घेतलेला. बसथांब्यावर त्या बाकावर बसल्या आणि काका बाजूला उन्हात उभे राहिले. बस बराच वेळ आली नाही. मग वनिताबाईंनी बाकावर शेजारी ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.